पाच मालक आणि एक पोऱ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या दुकानदारांना कामाला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तरी टिकत नाहीत, अशा आशयाचा लेख आपल्या अंकात वाचला. त्यात बोललेले सगळे दुकानदारच होते. सगळ्यांचा सूरही एकच: हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत, मोबाइल हवा. काम सोडून गेलेल्या एकाही पोराला कुणी काही विचारलेलं दिसलं नाही. मी स्वतः दुकानदाराच्या घरातली आहे. त्यामुळे पुढचं वाचून आमच्यातलेच काही मला घरभेदी म्हणतील. म्हणू देत.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, त्यांना घरी-दारी सगळे अण्णा म्हणायचे. आता थोरले दीर, माझे यजमान, दिरांचा मुलगा, सणासुदीला जाऊबाई आणि हिशेबाच्या टेबलावर मी, असा कारभार आहे. लग्नाआधी मी एका सीएंच्या ऑफिसात होते, म्हणून वह्या माझ्याकडे आल्या. पगार माझ्या हातून जातो. सोडून जाणाऱ्याचा हिशेबही माझ्याच टेबलावर पुरा होतो, आणि त्या खुर्चीवर बसलेला माणूस बरंच काही बोलतो.

आधी काउंटरचं काम काय असतं ते सांगते, कारण ‘मागेल ते काढून द्यायचं, त्यात काय’ असं आमच्या घरातल्यांनाही वाटतं. आमच्याकडे एक काका आहेत, अण्णांच्या वेळेपासूनचे. एक बाई आल्या, नवा पंखा घ्यायला. जुना हळू फिरतो म्हणाल्या. काकांनी विचारलं, रेग्युलेटर पाचवर ठेवला तरी हळूच का? आणि सुरू करताना हाताने ढकलावा लागतो का? बाई हो म्हणाल्या. काकांनी खणातून पंख्याला फिरायला जोर देणारा अडीच मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर काढला, ‘मेन स्विच बंद करून वायरमनकडून हा बदलून घ्या, मग बघू पंख्याचं’ म्हणाले आणि शंभराच्या आतलं बिल केलं. भाऊजी गल्ल्यावर होते. पंख्याचं गिऱ्हाईक गेलं म्हणून त्यांच्या कपाळाला आठी. त्या बाईंनी नंतर अख्ख्या फ्लॅटच्या वायरिंगची यादी आमच्याकडेच पाठवली. याउलट नवा पोरगा गिझरच्या लाइनसाठी दीड स्क्वेअरची, म्हणजे तेवढा भार न पेलणारी बारीक वायर बेधडक मोजून देतो. त्याला तिथल्या तिथे थांबवणारं कुणी काउंटरवर नसेल, तर उद्या कुणाच्या तरी भिंतीतून धूर येईल. हे शहाणपण अंगात मुरायला दोन-तीन वर्षं जातात. नेमका त्याच सुमाराला माणूस सोडतो.

का सोडतो? विचारलं की पहिलं उत्तर ‘पगार’. ते सभ्य उत्तर आहे, कुणाला लागत नाही. चहा येईपर्यंत थांबलं की दुसरं बाहेर येतं. एकजण म्हणाला, ‘मॅडम, नक्की कुणाचं ऐकायचं तेच कळत नव्हतं.’ दुसरा म्हणाला, ‘मी सांगितलेला भाव शेठ मोडतात, मग मी कशाला उभा राहू तिथे?’ आणि सगळ्यात हुशार जो होता तो म्हणाला, ‘मी कितीही केलं तरी वर दादाच बसणार ना.’ दादा म्हणजे आमचा पुतण्या. या तिघांपैकी एकालाही कष्टाचं वावडं नव्हतं, आणि मोबाइल तर आमच्या पुतण्याच्याच हातात जास्त असतो.

पहिल्याचं बघा. सकाळी साडेनऊला तो पोरगा वरच्या फळीवर एमसीबीची (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचची) खोकी लावत असायचा. यजमान सांगणार, ते सोड, नारायण पेठेत डिलिव्हरी दे. तो गाडीची किल्ली घेतो तोवर पुतण्या म्हणणार, आधी आलेल्या मालाला बारकोड लाव. जाऊबाईंचा फोन येणार, मंडईतून येता येता भाजी आणायला सांग. आणि भाऊजी विचारणार, खोकी अजून खालीच का? संध्याकाळी चौघांच्याही मते पोरगा कामचुकार ठरायचा. खरं तर दिवसभर तो धावतच होता. लाइट बिल, आजींची औषधं, नातवाला क्लासला सोडणं, गणपतीच्या दिवसांत घरची आरास, ही कामं कुणाच्याच हिशेबात धरलेली नसायची. घरच्यांना ती कामं वाटतच नाहीत. पोराला मात्र बरोबर कळतं की आपण दुकानात लागलो होतो, घरगडी म्हणून नव्हे.

यावर उपाय सोपा होता, पचायला जड होता. काकांना काउंटरचं प्रमुख केलं आणि ठरवलं, की पोरांना काम सांगायचं ते काकांनीच. घरच्या कुणालाही माणूस हवा असेल तर काकांकडे मागायचा. घरची खासगी कामं दुकानाच्या माणसाला सांगायचीच नाहीत. पहिल्याच आठवड्यात भाऊजींना स्कूटर सर्व्हिसिंगला पाठवायची होती. काका म्हणाले, ‘आत्ता नाही भाऊसाहेब, वायरमन लोकांची वेळ आहे.’ भाऊजी स्वतः स्कूटर घेऊन गेले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण काउंटरमागच्या पोरांनी ते पाहिलं. पगारवाढीने जे होत नाही ते त्या दिवशी झालं.

भावाचं प्रकरण याहून नाजूक. आमच्या धंद्यात छापील किमतीवर किती टक्के सूट, यावरच सगळं चालतं. काउंटरवरचा माणूस काँट्रॅक्टरशी घासाघीस करून एक आकडा ठरवतो. काँट्रॅक्टर तिथून सरळ गल्ल्यावर येतो, ‘काय शेठ, एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक, अजून दोन टक्के नाही?’ शेठ हसून म्हणतात, ‘दे रे त्यांना.’ शेठचा मोठेपणा झाला, गिऱ्हाईक खूश. आणि ज्याने दहा मिनिटं तोंड वाजवून दुकानाचे दोन टक्के वाचवले, तो खाली मान घालून बिल दुरुस्त करतोय. पुढच्या खेपेला काँट्रॅक्टर त्याच्याशी बोलत नाही, थेट शेठकडे जातो. काउंटरवरचा माणूस नुसता सामान काढणारा हमाल होऊन बसतो. आता आमच्याकडे गल्ल्यावर बसलेल्या घरच्या माणसाने सूट वाढवायची नाही असं ठरलं आहे. ‘भाव काकांकडे’ एवढंच म्हणायचं. यजमानांना हे सगळ्यात अवघड गेलं. त्यांना गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही. (घरी मात्र छान म्हणता येतं.)

राहिला ‘वर दादाच बसणार’. याला खोटं उत्तर देऊन चालत नाही. घरचं दुकान आहे, मालकी घरात राहणार, हे पोरांनाही माहीत असतं. त्यांचं म्हणणं एवढंच असतं, की दादा ज्या खुर्चीत बसतो ती त्याला काम येतं म्हणून मिळाली की आडनावामुळे. पुतण्या एमबीए करून आला आणि पहिल्या दिवसापासून काचेच्या केबिनमध्ये बसायचं म्हणाला. मी आणि यजमान अडून बसलो. त्याचं नाव मस्टरवर, म्हणजे नोकरांच्या हजेरीपटावर, घातलं. आधी गोडाऊन, मग काउंटर, आणि दोन्हीकडे काकांच्या हाताखाली. पगार ठरलेला, गल्ल्यातून परस्पर पैसे उचलायचे नाहीत. तीन लेटमार्कला अर्धा दिवस कापायचा नियम सगळ्यांना होता, तोच त्याला लावला. पावसाळ्यात त्याचा अर्धा दिवस कापला गेला. संध्याकाळपर्यंत ही बातमी शेजारच्या दुकानांतसुद्धा पोचली होती. जाऊबाई माझ्यावर नाराज झाल्या. पोरगा मात्र झाला नाही, आणि आता वायरचं बंडल हातात घेऊन वजनावरून शंका काढतो.

काकांच्या खालोखाल जो तयार माणूस आहे, भोरकडचा, त्याच्यासाठी काय करायचं हा प्रश्न होता. मॅनेजर म्हणून पाटी लावून उपयोग नव्हता. एका कंपनीच्या स्विचचा सगळा विभाग त्याच्याकडे दिला. खरेदी त्याने करायची, पडून राहिलेल्या मालाचं उत्तर त्याने द्यायचं, आणि वर्षाअखेर त्या विभागाच्या नफ्यातला ठरलेला हिस्सा त्याला. आमच्या धंद्यात कंपन्या टार्गेट पूर्ण करणाऱ्या दुकानदाराला परदेशी सहल देतात. आजवर त्या सहलींना घरातलेच जात आले. बँकॉक भाऊजींना रास्ता पेठेसारखं पाठ झालं होतं. या विभागाचं टार्गेट पूर्ण झालं तेव्हा मी म्हटलं, माल ज्याने विकला तो जाईल. घरात दोन दिवस चर्चा. शेवटी त्याने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा वाडीतल्या लोकांना वाटलं, पोराने पुण्यात काय भानगड केली. तिथून परत आला तो इतर शहरांतल्या डीलरांचे नंबर घेऊन, आणि आज त्यातले दोघे आमच्याकडे अडलेला माल फिरवून घेतात. भाऊजी चार वेळा जाऊन फक्त फोटो घेऊन आले होते.

पैशाचंही बोलायला हवं, नाहीतर हे सगळं गोड बोलून राबवून घेणं होईल. आमच्या व्यापारात एक जुनी चलाखी आहे: मस्टरवर नऊच नावं ठेवायची. दहावा माणूस रोजंदारीवर, किंवा बायकोच्या नावाने काढलेल्या दुसऱ्या फर्मवर. कारण दहा झाले की कामगार विमा आणि ग्रॅच्युइटी लागू होते. या चलाखीत नेमकं किती वाचतं, हे कुणी कागदावर मांडत नाही. महिना १६,००० पगाराच्या माणसामागे विम्याचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ५२० रुपये. माणसाचे ०.७५ टक्क्यांनी १२० रुपये कापले जातात. २१,००० पर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाला हे लागू आहे. आमचा गोडाऊनमधला माणूस शिडीवरून घसरला, मनगट मोडलं. बिबवेवाडीच्या कामगार विमा रुग्णालयात उपचार झाले आणि घरी बसला तेवढ्या काळात, कामावरची इजा म्हणून, पगाराच्या ९० टक्के रक्कम त्याला विम्यातून मिळाली. विमा नसता तर भाऊजींनी माणुसकीने पाच हजार हातावर ठेवले असते, आणि ते उचल म्हणून लिहिले गेले असते.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. पाच वर्षं पूर्ण झाली की निघताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. शेवटचा पगार १८,००० आणि नोकरी वीस वर्षं, तर दोन लाख सात हजारांच्या वर जातं. एकदम द्यायचे म्हटले तर दुकानदाराच्या पोटात गोळा येणारच. मी दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकते आणि वर्षातून एकदा प्रत्येकाला बोलावून त्याचा आजवर जमलेला आकडा दाखवते. बोनस म्हणून वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, आम्ही दिवाळीला देतो आणि धनत्रयोदशीच्या आधी देतो. लक्ष्मीपूजनाला मिठाईच्या खोक्यावर ठेवलेलं पाकीट फोटोत छान दिसतं, पण तोवर पोरांची खरेदी उधारीवर होऊन गेलेली असते.

उचलीबद्दल एकच सांगते. माणूस बांधून ठेवायला मोठी उचल द्यायची, किंवा पहिला पगार अडकवून ठेवायचा, हे आमच्या बाजारात सर्रास चालतं. असा बांधलेला माणूस अंगाने दुकानात असतो, एवढंच.

दुपारच्या सुट्टीवर पुणेकरांची चेष्टा करून महाराष्ट्र दमला नाही. एक ते चार दुकान बंद, म्हणजे मालक झोपतो. चितळे बंधूंनी २०१७ च्या जुलैमध्ये दुपारची सुट्टी बंद केली तेव्हा तीसुद्धा बातमी झाली. पण ही सुट्टी मुळात जमत होती, कारण मालक आणि नोकर दोघंही पेठांतच राहायचे. काका कसब्यातून चालत यायचे, दुपारी घरी जेवून, पाय पसरून, ताजेतवाने परत यायचे. पुढे माणसं आंबेगाव, वाघोली, चिखलीला राहायला गेली. मग तीच सुट्टी शिक्षा झाली. डबा खाऊन दुकानाच्या पायरीवर दोन-अडीच तास नुसतं बसायचं आणि रात्री दहाला घरी पोचायचं. माणसं सोडून जायला लागली तरी हे कुणाच्या लक्षात येईना, कारण घरचे त्या वेळात कोथरूडला ताटावर असायचे. आता दुकान सलग चालू आहे. निम्मी माणसं नऊ ते सहा, निम्मी साडेअकरा ते साडेआठ. जेवणाच्या पाळीच्या फळ्यावर घरच्यांचीही नावं आहेत आणि अर्ध्या तासात परत यायचं आहे. २०२४ च्या सप्टेंबरअखेर मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून पिंपरीकडची माणसंही मंडईला उतरून वेळेवर येतात. पूर्वी तिकडच्या मुलाला आम्ही ‘लांब पडेल’ म्हणून परत पाठवत होतो.

नवा माणूस घेताना मी फार काही करत नाही. दारावर ‘मुले पाहिजेत, पगार समक्ष’ अशी पाटी होती, ती काढली. पगाराचा आकडा, वेळ आणि आठवड्याची सुट्टी असं तिन्ही लिहून पाटी लावली. समक्ष ठरणारा पगार म्हणजे समोरच्याची गरज बघून ठरणारा पगार, हे पोरांना कळतं. येईल त्याला एक दिवस काउंटरमागे उभं करते, त्या दिवसाचे पैसे देते, आणि बघते एवढंच, की न कळलं तर विचारतो का ठोकून देतो. ओळखीतून आलेली माणसं चांगली टिकतात, पण एकाच गावची तिघं घेतली की चैत्रात जत्रेला दुकान ओस पडतं. सदाशिव-नारायण पेठेच्या अभ्यासिकांमधली स्पर्धा परीक्षेची मुलं अर्धवेळ बिलिंगला घेते. ती जाणार हे पहिल्या दिवशीच दोघांनाही माहीत असतं, त्यामुळे कटकट नाही. परीक्षेआधी सुट्टी द्यायची, निकाल लागला की पेढे खायचे, आणि तो जाताना आपल्या अभ्यासिकेतला पुढचा मुलगा आणून देतो.

आता मुलींबद्दल, आणि हे लिहिण्यासाठीच खरं तर पत्राला हात घातला. ‘माणसं मिळत नाहीत’ म्हणणाऱ्या आमच्या गल्लीत काउंटरवर बायका किती दिसतात? घेत का नाही विचारलं तर ‘वजन उचलावं लागतं’ म्हणतात. वायरचं बंडल उचलणं ही काही गोवर्धन पर्वताची गोष्ट नाही. खरं कारण कुणी तोंडावर आणत नाही: जुन्या वाड्यांतल्या दुकानांत बाईमाणसाला स्वच्छतागृह नाही. आमच्याकडे वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी घर होतं आणि आता गोडाऊन आहे, एक होतं. त्याला कुलूप आणि किल्ली घरच्यांकडे. पहिली मुलगी कामाला लागली ती पाणीच प्यायची नाही. दोन महिन्यांत सोडून गेली, कारण सांगितलं ‘घरी प्रॉब्लेम’. त्यानंतर मी ते कुलूप काढून टाकलं, आतून कडी बसवून घेतली आणि सफाईचं काम घरच्या कामवालीकडे न ढकलता दुकानाच्या खर्चात धरलं. आज काउंटरवर दोन मुली आहेत. त्यातली एक आयटीआयची वायरमन ट्रेड केलेली आहे. काँट्रॅक्टर लोक आधी तिला टाळून काकांकडे जायचे. काका त्यांना परत तिच्याकडे पाठवायचे. आता यादी घेऊन आधी तिलाच शोधतात.

पण वरचा मजला प्रत्येकाकडे नाही. आमच्या बाजूला दहा बाय बाराची दुकानं आहेत, त्यांनी कितीही मनात आणलं तरी जागा कुठून काढणार? आमची व्यापारी संघटना दरवर्षी सत्काराचा कार्यक्रम करते, शाली-श्रीफळं वाटते. त्याच पैशात गल्लीत एक खोली भाड्याने घेऊन तिथे कामगार स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि डबा खायला बाकडी करता येतील. महापालिकेने पाणी आणि ड्रेनेजच्या जोडणीची परवानगी लवकर द्यावी, बाकी खर्च दुकानांनी वाटून घ्यावा. आमच्या दुकानाचा हिस्सा द्यायला मी तयार आहे, घरात विचारून झालं आहे. दोन शेजारी दुकानदारही तोंडी हो म्हणाले आहेत. आणखी कुणाची तयारी असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी येऊन घेऊन जाईन.

कळावे,
आपली नियमित वाचक,
बुधवार पेठ, पुणे
(घरात शांतता राहावी म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)